मंडळाच्या पत्त्यांची यादी, थंडरबर्ड आणि गुगल कॉन्टॅक्ट्स

प्रेषक: सचिव
विषय: दिवाळी अंकाचे पत्ते – कोणी जाणकार आहे का?

नमस्कार मंडळी,

दिवाळी अंकाची बरीच पाकिटं परत आलीत, काहींवर "ॲड्रेसी गॉन अवे"ची (म्हणजे हा माणूस आता इथे राहत नाही) खूण आहे, आणि वैताग म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांनी नवीन पत्ता कळवलेला होता. कोणी मंडळाच्या जीमेलवर कळवला, कोणी मला व्हॉट्सॲप केला, कोणी गणपतीत आरतीच्या रांगेत सांगितला आणि मी तिथल्या तिथे फोनमध्ये टाकला. लेबलं मात्र छापली गेली मंडळाच्या लॅपटॉपवरच्या थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममधून, कारण आधीच्या समितीने यादी तिथे ठेवली होती आणि ती गेली कित्येक वर्षं तशीच आहे.

म्हणजे सध्या तीन याद्या आहेत. थंडरबर्डचं ॲड्रेस बुक, मंडळाच्या जीमेल अकाउंटमधले गुगल कॉन्टॅक्ट्स आणि माझा आयफोन, जो आयक्लाउडवर आहे. तिन्ही थोड्या थोड्या बरोबर. मला इतकंच हवंय की एका ठिकाणी पोस्टकोड बदलला की बाकी ठिकाणी आपोआप बदलावा. एवढं तर होत असेल ना आजकाल? नेटवर वाचायला गेले तर कोणी म्हणतं हे ॲड-ऑन (वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) टाका कोणी म्हणतं ते टाका, आणि तारखा बघितल्या तर सगळं २०१४-१५ चं.

गुढीपाडव्याची आमंत्रणं पोस्टाने जायची आहेत त्याआधी हे निस्तरायचंय.

प्रेषक: वेबसाइट (मंडळाची वेबसाइट सांभाळणारा)
विषय: उत्तर: दिवाळी अंकाचे पत्ते

ताई,

होतं, आणि आता ॲड-ऑनशिवाय होतं. तुम्ही जे जुने लेख वाचताय ते विसरा. पूर्वी थंडरबर्डला स्वतःहून गुगलशी कॉन्टॅक्ट्सबद्दल बोलता यायचं नाही म्हणून ॲड-ऑन लागायची, त्यातली काही गुगलच्या जुन्या कॉन्टॅक्ट्स एपीआयवर (बाहेरच्या प्रोग्रॅमना यादी वाचू देणारी सोय) चालायची आणि तो एपीआय गुगलने जानेवारी २०२२ मध्ये बंदच केला. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका.

आता सरळ रस्ता कार्डडॅव्हचा. हा ॲड्रेस बुक सर्व्हरवर ठेवून तिथून वाचायचा-लिहायचा खुला नियम आहे, २०११ चा, कुठल्या एका कंपनीचा नाही. गुगल तो बोलतं, ॲपलचं आयक्लाउड बोलतं, नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर टाकायचं सॉफ्टवेअर) बोलतं. थंडरबर्डमध्ये तो २०२१ च्या ९१ व्हर्जनपासून आत आहे आणि २०२२ च्या १०२ पासून ॲड्रेस बुकची खिडकीच नवीन झाली. आधी हेल्प – अबाउटमध्ये जाऊन व्हर्जन बघा. मंडळाचा लॅपटॉप ज्या अवस्थेत आहे ते बघता ७८ वगैरे निघालं तर मला नवल वाटणार नाही, तसं असेल तर आधी अपडेट.

पण थांबा, बटणं दाबायच्या आधी एक ठरवायचं आहे आणि ते माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. तीन याद्या एकमेकींशी सिंक करायच्या नाहीत. एकच यादी खरी धरायची, ती मंडळाच्या जीमेल अकाउंटमध्ये, आणि थंडरबर्ड, तुमचा फोन, खजिनदारांचा लॅपटॉप ही सगळी त्याच यादीची खिडकी. गुगल आयक्लाउडला, आयक्लाउड थंडरबर्डला, थंडरबर्ड परत गुगलला असं गोल फिरवलं की प्रत्येक माणूस दोनदा, मग चारदा, आणि कुठला पत्ता नवा ते कोणालाच सांगता येत नाही.

दुसरं, सिंक म्हणजे बॅकअप नाही. तुम्ही थंडरबर्डमध्ये एक नाव उडवलंत की पुढच्या सिंकला ते गुगलमधूनही उडतं आणि मग फोनमधूनही. ते बिघडलेलं नाही, त्याचं कामच ते आहे. म्हणून सुरुवात एक्स्पोर्टपासून. कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की ॲड्रेस बुक उघडतं, तिथे जुन्या पुस्तकावर राइट क्लिक, एक्स्पोर्ट, आणि व्हीकार्ड (पत्ते साठवायच्या फाइलचा एक प्रकार, व्हीसीएफ) निवडा. ती व्हीसीएफ फाइल पेन ड्राइव्हवर टाकून ठेवा. गुगल कॉन्टॅक्ट्सच्या पानावरूनही तसंच एक्स्पोर्ट करा.

मग ती थंडरबर्डची व्हीसीएफ गुगल कॉन्टॅक्ट्सच्या वेबसाइटवर इंपोर्ट करा. थंडरबर्डमध्ये ओढून टाकण्यापेक्षा मला हे बरं वाटतं, कारण गुगल इंपोर्ट केलेल्या सगळ्या नावांना त्या दिवसाच्या तारखेचं एक लेबल लावून देतं, म्हणजे गोंधळ झालाच तर ते लेबल उघडून सगळी खेप एका फटक्यात काढता येते.

शेवटी थंडरबर्डमध्ये न्यू ॲड्रेस बुक – ॲड कार्डडॅव्ह ॲड्रेस बुक. यूजरनेमला मंडळाचा पूर्ण जीमेल पत्ता, लोकेशन रिकामं सोडा, गुगलची साइन-इनची खिडकी येईल तिथे मंडळाच्या अकाउंटने आत जा (तुमच्या स्वतःच्या नाही! ब्राउझरची सवय असते आपलं आपलं निवडायची) आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी द्या. पासवर्ड थंडरबर्डमध्ये कुठे टाइप करावा लागत नाही. पुस्तक डावीकडे दिसायला लागतं.

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: उत्तर: दिवाळी अंकाचे पत्ते

अरे बाबा, हे सगळं ठीक आहे पण एक विचारतो. लोकांनी पत्ते मंडळाला दिलेत, गुगलला नाहीत. मी थंडरबर्ड वापरतो तेच मुळी यासाठी की माझं ॲड्रेस बुक माझ्या मशीनवर आहे. आता तू सांगतोस सगळं उचलून तिकडे ठेवा. उद्या कोणी विचारलं की आमचा घरचा पत्ता, मुलांची नावं कुठे कुठे आहेत तर सचिव काय सांगणार? इथे यूकेत डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे २०१८ चा, मंडळ छोटं असलं म्हणून सुटत नाही.

आणि फोनचं काय? मंडळाची यादी फोनमध्ये आली की व्हॉट्सॲपला कॉन्टॅक्ट्सची परवानगी असते ते सगळे नंबर वाचतंच.

शिवाय माझ्याकडे भजनी मंडळाची एक लिस्ट आहे थंडरबर्डमध्ये, एक नाव टाइप केलं की सगळ्यांना मेल जाते. ती राहणार का?

– नाना

प्रेषक: वेबसाइट

नाना, तुमचा मुद्दा बरोबर आहे, टाळत नाही. पण मंडळाची मेल आधीच जीमेलवर आहे, त्यात लोकांनी पाठवलेले पत्ते आहेतच, त्यामुळे यादी तिथे ठेवल्याने नवीन कोणाच्या हातात काही जात नाही. उलट आत्ता ती सचिवताईंच्या खाजगी फोनवर आणि एका पासवर्ड नसलेल्या लॅपटॉपवर आहे हे कायद्याच्या दृष्टीने जास्त वाईट. मुलांची नावं आणि वाढदिवस यादीत कशाला हवेत हा खरा प्रश्न आहे, पाकीट पाठवायला ते लागत नाहीत. काढून टाकू.

गुगल नकोच असेल तर स्वतःच्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड टाकता येईल, थंडरबर्ड त्याच्याशीही कार्डडॅव्हनेच बोलतं, फक्त लोकेशनमध्ये सर्व्हरचा पत्ता द्यावा लागतो. पण तो सर्व्हर अपडेट कोण ठेवणार? मी पुढच्या वर्षी समितीत नसेन. ज्याची देखभाल कोणी करत नाही असा आपला सर्व्हर मला गुगलपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो.

व्हॉट्सॲपचं तुमचं म्हणणं बरोबर, म्हणून सगळ्या समितीने फोनवर यादी घेऊ नये असं माझं मत. सचिवांकडे असू दे, बस.

भजनी मंडळाची लिस्ट: नाही राहणार, म्हणजे कार्डडॅव्हच्या पुस्तकात थंडरबर्ड मेलिंग लिस्ट करूच देत नाही. उलट बाजूने गुगलमधली लेबलं पण थंडरबर्डमध्ये गट म्हणून येत नाहीत. हा या रस्त्यावरचा मोठा खड्डा आहे आणि कोणी आधी सांगत नाही. तुमची लिस्ट तुमच्या मशीनवरच्या पर्सनल ॲड्रेस बुकात आहे ना, तिथेच राहू द्या, तिला कोणी हात लावत नाही. मंडळाच्या गटांना मेल पाठवायची ती जीमेलमध्ये लेबल वापरून, आणि बीसीसीत, प्लीज.

प्रेषक: छोटूची आई
विषय: माझं हॉटमेल

मध्येच विचारते. कव्हेन्ट्रीच्या शाळेची, म्हणजे मराठी शाळेची, पालकांची यादी माझ्याकडे आहे आणि ती हॉटमेलमध्ये आहे, तीपण थंडरबर्डला जोडता येईल का वरच्यासारखीच? मी प्रयत्न केला तर कार्डडॅव्ह सापडलं नाही असंच येतंय. म्हणून मग सीएसव्ही (यादीची साध्या मजकुराची फाइल) काढली आणि एक्सेलमध्ये उघडली तर सगळे फोन नंबर ४.४७ई+११ असे दिसतायत एकाखाली एक सगळे सारखेच, आणि ज्यांची नावं मराठीत टाकली होती त्यांच्या जागी नुसते डोक्यावर टोपी घातलेले ए आणि काहीतरी चिन्हं. मी घाबरून सेव्ह न करता बंद केलं.

प्रेषक: वेबसाइट

सेव्ह केलं नाहीत हे फार छान झालं!! सेव्ह केलं असतं तर ते नंबर गेले होते.

हॉटमेल म्हणजे आता आउटलुक डॉट कॉम, आणि तिथे कार्डडॅव्ह नाहीच. त्यामुळे थंडरबर्डला ते सापडणार नाही, तुमचं काही चुकत नाहीये. मायक्रोसॉफ्टची पद्धत वेगळी आहे. शाळेची यादी वर्षातून एकदाच बदलते, त्यामुळे सिंकच्या भानगडीत पडूच नका, एकदा मंडळाच्या गुगलमध्ये आणा आणि हॉटमेलमधली विसरा.

सीएसव्हीबद्दल. फाइल ठीक आहे, एक्सेल ती चुकीची वाचतंय. +४४ ने सुरू होणारा नंबर दिसला की ते त्याला मोठी संख्या समजतं, ०७ ने सुरू होणारा असेल तर पुढचं शून्य खातं. आणि मराठी नावं यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असतात ती दुसऱ्याच एन्कोडिंगमध्ये उघडली की त्या टोप्या येतात. डबल क्लिक करून उघडायचं नाही. एक्सेल कोरं उघडून डेटा – फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, तिथे फाइल ओरिजिनमध्ये ६५००१ यूटीएफ-८, आणि फोनच्या कॉलमला टेक्स्ट. नाहीतर लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखाच दुसरा प्रोग्रॅम), ते उघडतानाच विचारतं. आणि काही दुरुस्त करायचंच नसेल तर एक्सेलची गरजच नाही, ती सीएसव्ही तशीच्या तशी गुगलमध्ये इंपोर्ट करा.

प्रेषक: सचिव
विषय: झालं! पण...

अपडेट केलं (७८च होतं, कसं ओळखलंत), एक्स्पोर्ट, इंपोर्ट, कार्डडॅव्ह सगळं केलं आणि थंडरबर्डमध्ये नवीन पुस्तक दिसतंय. गुगल कॉन्टॅक्ट्सच्या पानावर एकाचा पत्ता बदलून बघितला तर थंडरबर्डमध्ये काहीच झालं नाही, मला वाटलं फसलं, मग चहा पिऊन आले तर बदललेला!

आता प्रश्न.

१. काही माणसं जीमेलमध्ये नाव टाइप केलं की येतात पण थंडरबर्डमध्ये नाहीत.

२. डुप्लिकेट खूपच आहेत. गुगल म्हणतंय मर्ज करू का. करू का?

३. मी थंडरबर्डमध्ये मेल लिहिताना अजून जुनेच ईमेल पत्ते सुचवतंय. मग नवीन यादीचा उपयोग काय?

४. लेबलं छापून बघितली तर निम्म्या लोकांचा पोस्टकोड लेबलवर येतच नाहीये. पत्ता दिसतोय पण पोस्टकोडचा रकाना रिकामा.

प्रेषक: वेबसाइट

थंडरबर्ड दर क्षणाला बघत नाही, ठरावीक मिनिटांनी बघतं, म्हणून चहा. पुस्तकावर राइट क्लिक करून सिंक्रोनाइझ केलं तर लगेच येतं.

पहिल्याचं उत्तर: ते लोक गुगलमध्ये "अदर कॉन्टॅक्ट्स"मध्ये आहेत. तुम्ही कोणाला मेल केली की गुगल त्याला तिथे गुपचूप साठवतं. ते कार्डडॅव्हने येत नाहीत, जे कॉन्टॅक्ट म्हणून सेव्ह केलेले आहेत तेच येतात. त्यातले सभासद असतील तेवढे शोधून ॲड टू कॉन्टॅक्ट्स करा, बाकी हॉलवाले, केटरर, ढोलताशावाले राहू देत तिथेच.

मर्ज: "मर्ज ऑल" दाबू नका. एकेक बघून करा. आपल्याकडे नवरा-बायको दोघांचा एकच ईमेल असणं अगदी कॉमन आहे, आणि वडील-मुलगा एकाच पत्त्यावर, मुलाचं लग्न होऊन तो वेगळा राहायला गेलेला. मशीनला ते डुप्लिकेट वाटू शकतात. चुकून झालंच तर गुगल कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये अनडू चेंजेस आहे, ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं. फक्त ते सगळी यादीच त्या वेळेला नेऊन ठेवतं, एकट्या नोंदीला नाही, म्हणजे मधल्या काळातल्या चांगल्या दुरुस्त्याही जातात. नुसतं डिलीट झालेलं असेल तर ट्रॅशमध्ये ३० दिवस असतं, तिथून परत आणा.

तिसरं म्हणजे थंडरबर्ड सुचवताना सगळी पुस्तकं बघतं, पर्सनल ॲड्रेस बुकसुद्धा आणि कलेक्टेड ॲड्रेसेससुद्धा, ज्यात तुम्ही कधीकाळी मेल पाठवलेले सगळे साठतात. नवीन यादी नीट आली याची खात्री झाली की मंडळाच्या लॅपटॉपवरची ती दोन्ही रिकामी करा. बॅकअप पेन ड्राइव्हवर आहेच. आणि सेटिंग्जमध्ये कंपोझिशन – ॲड्रेसिंगमध्ये जाऊन जाणाऱ्या मेलचे पत्ते आपोआप साठवायचं बंद करा. हे केलं नाही तर सहा महिन्यांत परत तेच.

आता पोस्टकोड. हा सिंकचा प्रश्न नाही, आधी कोणी कसं टाइप केलं त्याचा आहे. तुमची ती व्हीसीएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा, प्रत्येक माणसाच्या पत्त्याची एक ओळ दिसेल, एडीआरने सुरू होणारी, आणि मध्ये अर्धविराम. त्यात सात कप्पे असतात: पोस्ट बॉक्स, जादा माहिती म्हणजे फ्लॅट वगैरे, रस्ता, शहर, प्रांत, पोस्टकोड, देश. ज्यांनी नीट भरलंय त्यांच्यात शहरानंतर दोन अर्धविराम, मग पोस्टकोड. आणि आपल्या जुन्या समितीतल्या कोणीतरी पूर्ण पत्ता घर नंबरपासून पोस्टकोडपर्यंत एका दमात रस्त्याच्या कप्प्यात कोंबलाय, बाकी सहा रिकामे. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात म्हणून इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. लेबलाचा टेम्प्लेट मात्र पोस्टकोड त्याच्या कप्प्यातून उचलतो.

त्याला जादूचं बटण नाही. हाताने फोडावे लागतील. काउंटीच्या मागे लागू नका, रॉयल मेलला ती लागत नाही, शहर आणि पोस्टकोड पुरे. जे लोक अंक पुण्या-मुंबईला आईवडिलांकडे पाठवायला सांगतात त्यांचं "दत्तमंदिरासमोर, जोशी वाड्याच्या मागे" हे रस्त्याच्याच कप्प्यात दुसऱ्या ओळीत घ्या आणि पिन कोडचे सहा आकडे पोस्टकोडमध्ये. भारतातल्या पोस्टमनला ते समोर-मागे खरंच लागतं, काढू नका.

प्रेषक: खजिनदार

सगळं वाचलं. माझे दोनच मुद्दे. दर वर्षी समिती बदलते, मंडळाच्या जीमेलचं टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतरचा दुसरा कोड, आत्ता कोणाच्या फोनवर जातं? माझ्या आठवणीत ते आधीच्या सचिवांच्या नंबरवर आहे आणि ते आता दुबईत. आणि मला यादी फक्त वर्गणी कोणाची आली ते ताडायला लागते, माझ्या हातून चुकून काही उडू नये.

प्रेषक: वेबसाइट

बापू, दुसरं सोपं आहे. तुमच्या थंडरबर्डमध्ये पुस्तक जोडलं की त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड-ओन्लीची खूण करा. दिसेल सगळं, बदलता काही येणार नाही.

पहिलं गंभीर आहे. या आठवड्यातच बदलू, दुबईला मी फोन करतो कोड विचारायला. नवीन नंबर सचिवांचा, सोबत बॅकअप कोड छापून पाकिटात घालून तुमच्याकडे. आणि हँडओव्हरच्या कागदात एक ओळ वाढवा की जुन्या समितीने आपापल्या थंडरबर्डमधून पुस्तक आणि फोनमधून मंडळाचं अकाउंट काढायचं. सर्व्हरवरची नावं उडवायची नाहीत, अकाउंट काढायचं! फोनवरून अकाउंट काढलं तर फक्त त्या फोनवरची प्रत जाते, यादी गुगलमध्ये तशीच राहते. एकेक नाव डिलीट करत बसलं तर मात्र सगळ्यांचं जाईल. शिवाय गुगल अकाउंटच्या सिक्युरिटीच्या पानावर कुठली कुठली मशीन जोडलेली आहेत ते दिसतं, अनोळखी दिसलं की साइन आउट.

ताई, आयफोनचं राहिलं. मंडळाचं जीमेल अकाउंट फोनमध्ये जोडा आणि मेल, कॅलेंडर बंद ठेवून फक्त कॉन्टॅक्ट्स चालू. मग कॉन्टॅक्ट्सच्या सेटिंग्जमध्ये डिफॉल्ट अकाउंट असतं, ते आयक्लाउडच राहू द्या, नाहीतर तुमच्या घरच्या प्लंबरचा नंबर मंडळाच्या यादीत जाऊन बसेल. सभासदाचा पत्ता बदलायचा तेव्हा नोंद मंडळाच्या यादीतलीच आहे ना एवढं बघायचं. आयक्लाउड थंडरबर्डला जोडायची आता गरज नाही. तुमच्या वैयक्तिक मशीनवर जोडायचंच असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही, ॲपलच्या अकाउंटच्या पानावरून ॲप-स्पेसिफिक पासवर्ड काढावा लागतो.

प्रेषक: छोटूची आई

शाळेची यादी आली! एक्सेल न उघडताच टाकली. नावं मराठीत अगदी व्यवस्थित. फक्त गुगलने सगळ्यांना इंपोर्टचं लेबल लावलंय तेच नाव बदलून "शाळा पालक" केलं, चालेल ना? आणि सभासद क्रमांक मी नोट्समध्ये टाकलाय, वेगळा रकाना केला नाही.

प्रेषक: वेबसाइट

चालेल, उत्तम. नोट्स थंडरबर्डमध्येही दिसतात.

प्रेषक: सचिव

पोस्टकोड फोडायला रविवारी दुपारी माझ्याकडे दोघं-तिघं या, यादी आडनावाने वाटून घेऊ, म्हणजे दोघं एकाच नोंदीत लिहिणार नाहीत. पोहे आणि चहा माझ्याकडून. ज्यांचा पत्ता बदललाय त्यांनी मंडळाच्या मेलवर कळवा, या लिस्टवर रिप्लाय-ऑल करून घरचा पत्ता टाकू नका.

नाना, तुम्ही येणार का? तुम्हाला निम्मे पत्ते पाठ आहेत.

प्रेषक: नाना

येतो. क ते ज मला द्या, त्यात कुलकर्णी आणि जोशी आहेत, कोण कुठे राहायला गेलं ते मला माहीत आहे. पण यादी माझ्या मशीनवर रीड-ओन्लीच लावा, लिहायचं ते तुमच्या लॅपटॉपवर लिहीन.

– नाना